उंदीर : त्याचे जीवन आणि त्याचा बंदोबस्त

जालना जिल्ह्यात रब्बीची सुगी संपून शेते मोकळी झाली, की बांधांच्या कडेने ताज्या मातीचे लहान लहान ढिगारे दिसू लागतात. पुष्कळ शेतकरी त्यांच्याकडे पाहून पुढे जातात. पीक घरी आले, आता उंदीर काय खाणार, असा त्यांचा समज असतो. वास्तविक पुढच्या हंगामातील पिकाचे भवितव्य त्या ढिगाऱ्यांखाली त्या वेळीच ठरत असते. उंदराचा बंदोबस्त फसतो तो बहुधा विष कमी पडल्यामुळे नव्हे, तर उंदराची राहणी ठाऊक नसल्यामुळे. तो काय खातो, कोठे राहतो, कशाला भितो व केव्हा वाढतो, हे ज्याला समजले त्याचे अर्धे काम झाले असे समजावे. याच हेतूने या प्राण्याच्या जीवनक्रमाची माहिती येथे दिली आहे.

उंदीर एक नव्हे, अनेक

सामान्य बोलण्यात आपण सर्वांनाच ‘उंदीर’ म्हणतो. परंतु शेतातील, घरातील व शहरातील उंदीर हे निरनिराळ्या जातींचे आहेत आणि त्यांच्या सवयीही निराळ्या आहेत.

मुंबईसारख्या बंदरांत व मोठ्या शहरांत आढळणारा तपकिरी उंदीर हा मूळचा आपल्याकडील नव्हे. त्याचे मूळ स्थान उत्तर चीन व मंगोलियाच्या बाजूस असावे असे मानतात. अठराव्या शतकात तो युरोपात सर्वत्र पसरला आणि व्यापारी गलबतांतून जगभर गेला. त्याच्या शास्त्रीय नावात नॉर्वे देशाचा उल्लेख आहे, पण तो केवळ जुन्या गैरसमजुतीमुळे. अंगाने जाड, कान लहान, तोंड बोथट आणि शेपूट अंगाच्या लांबीपेक्षा आखूड, ही त्याची खूण होय. तो गटारांत व जमिनीत बिळे करून राहतो आणि उत्तम पोहतो. प्रयोगशाळांतून पाळला जाणारा पांढरा उंदीर हा याच तपकिरी उंदराचा वंशज आहे. त्यामुळे उंदराच्या स्वभावाविषयी जे ज्ञान आज उपलब्ध आहे, त्यातील बरेचसे या जातीच्या निरीक्षणातूनच मिळाले आहे.

खेड्यातील घराच्या आढ्यावरून धावणारा उंदीर मात्र याहून वेगळा. तो अंगाने सडपातळ, कान मोठे व पातळ, शेपूट अंगापेक्षा लांब. भिंत, खांब, दोरी यांवर तो सहज चढतो. मुलांच्या गोष्टीतला उंदीरमामा तो हाच.

शेतात आपणास मुख्यतः तीन जातींशी गाठ पडते. पहिली लहान घूस. हिचा रंग काळपट, अंग जाड व केस राठ असतात. बिळाच्या तोंडाशी ताज्या मातीचा ढीग करून आतून तोंड बुजविणे, ही तिची ओळख. घुशीला इंग्रजीत जे नाव आहे ते तेलुगूतील ‘पंदिकोक्कु’, म्हणजे डुकरासारखा उंदीर, या शब्दावरून आलेले आहे. हिला ओलावा मानवतो. म्हणून कोरडवाहू भागात जेथे कालवा व बारमाही पिके येतात, तेथे हिचाही शिरकाव होतो. १९७६ साली पूर्ण झालेल्या जायकवाडी धरणाच्या डाव्या कालव्याखालील अंबड व घनसावंगी तालुक्यांतील शेतकऱ्यांनी ऊस, गहू व कालव्याचे भराव यांकडे लक्ष ठेवणे यासाठीच अगत्याचे आहे.

दुसरी जात मऊ केसांच्या शेतउंदराची. हा करड्या रंगाचा, आकाराने मध्यम व दिसण्यात गरीब प्राणी. परंतु काळ्या जमिनीचा खरा रहिवासी हाच. उन्हाळ्यात कपाशीच्या काळ्या रानास ज्या खोल भेगा पडतात, त्यांत तो राहतो. त्याचे शास्त्रीय नाव वडार लोकांच्या बोलीतील नावावरून घेतलेले आहे. तिसरी जात हरणउंदराची. याचे मागचे पाय लांब असतात, शेपटीच्या टोकास केसांचा गोंडा असतो आणि भ्याला म्हणजे हा हरणासारख्या उड्या मारीत पळतो. कोरडी, मुरमाड व पडीक जमीन त्यास प्रिय असते.

येथे चिचुंद्रीविषयी दोन शब्द लिहिणे इष्ट होय. लांब निमुळते नाक व उग्र वास असलेली चिचुंद्री उंदरांच्या वर्गातली नाहीच. ती झुरळे व किडे खाते. धान्याची नासाडी ती करीत नाही.

दातांचे रहस्य

उंदराच्या पुढील चार दातांत त्याच्या सर्व उपद्रवाचे मूळ आहे. हे दात आयुष्यभर वाढत राहतात. वर्षाकाठी ही वाढ १० सें. मी.हून अधिक होते. दाताच्या फक्त पुढील बाजूस कठीण कवच असते व मागची बाजू मऊ असते. कुरतडताना व एकमेकांवर घासताना मागचा भाग लवकर झिजतो आणि पुढची धार सुताराच्या पटाशीसारखी राहते. पुढचे दात व दाढा यांच्यामध्ये मोकळी जागा असते. ओठ त्या जागेत आत ओढून घेऊन उंदीर तोंडाचा मागील भाग बंद करू शकतो, म्हणून कुरतडलेला चुरा पोटात जात नाही.

मोसंबीच्या बागेतील ठिबकाच्या नळ्या, प्लॅस्टिकचे आच्छादन, पोती, दारांचे कोपरे व विजेच्या तारा तो का कुरतडतो, याचा उलगडा यावरून होतो. या वस्तू त्याचे अन्न नव्हेत. वाटेतील अडथळा दूर करण्यासाठी, पाण्याच्या शोधात किंवा केवळ दातांच्या स्वभावानुसार तो त्या कुरतडतो. ठिबकाची नळी फुटलेली दिसताच तिला जोड देऊन स्वस्थ बसणे पुरेसे नाही. जवळच्या बांधावरील बीळ शोधणे आवश्यक असते.

बीळ आणि संसार

लहान घुशीचे बीळ म्हणजे नुसते भोक नव्हे. त्यास अनेक तोंडे, आडवेतिडवे फाटे, गवत अंथरलेली राहण्याची जागा आणि धान्याचे कोठार असते. गहू वा ज्वारी पक्व होऊ लागली म्हणजे ही घूस कणसे कापून बिळात नेऊन साठविते. खाते त्यापेक्षा नेते अधिक, अशी तिची रीत आहे. सामान्यतः एका बिळात एकच प्रौढ घूस, अथवा एक मादी व तिची पिले असतात. यामुळे शेतात वीस तोंडे दिसली म्हणजे वीस घुशी आहेत असे नसते. तथापि एकही घूस दिसत नाही म्हणून घुशी नाहीत, असा अर्थ तर मुळीच नसतो.

मादीचा गर्भकाळ सुमारे तीन आठवड्यांचा असतो. एका वेतात बहुधा सहा ते आठ पिले होतात. जन्मतः ती आंधळी व केशरहित असतात. दोन आठवड्यांनी डोळे उघडतात, तीन-चार आठवड्यांत दूध सुटते आणि सुमारे तीन महिन्यांची झाली म्हणजे ती स्वतःच प्रजोत्पादनास योग्य होतात. बिळात एकटे पडलेले पिलू आईस हाका मारते, पण त्याचा आवाज इतका बारीक असतो की माणसाच्या कानास तो ऐकू येत नाही. रानातील उंदराचे आयुष्य साधारणपणे वर्षभराचे असते. साप, घुबड, थंडी, पूर व उपासमार यांत त्याचे बहुतेक भाऊबंद मरतात. आयुष्य थोडे व शत्रू पुष्कळ, म्हणूनच संतती विपुल, असा निसर्गाचा हा हिशेब आहे.

या हिशेबातून शेतकऱ्याने एक गोष्ट मनात पक्की धरावी. अन्न भरपूर असेल तेव्हा उंदरांची वाढ वेगाने होते. खरिपाची पिके दाणे धरू लागली की ही वाढ जोर धरते आणि रब्बीच्या सुगीपर्यंत टिकते. उन्हाळ्यात अन्न तुटते, वीण मंदावते व संख्या कमी होते. जूनपूर्वी मारलेली एक मादी म्हणजे दिवाळीपूर्वी टळलेले एक मोठे कुटुंब होय.

उंदीर शहाणा का?

‘उंदीर विष ओळखतो’ असे खेड्यात म्हणतात. त्याचे कारण असे की उंदरास ओकारी करता येत नाही. एकदा गिळलेले बाहेर टाकण्याची सोय नसल्याने खाण्यापूर्वी सावध राहणे, हाच त्याचा एकमेव बचाव आहे. नवी वस्तू दिसली की तो प्रथम तिला टाळतो. नवे अन्न असल्यास किंचित चाखतो आणि थांबतो. त्या कणाने प्रकृती बिघडली व तो त्यातून वाचला, तर त्या चवीस व वासास पुन्हा सहसा शिवत नाही. पहिल्याच दिवशी जहाल विषाचे आमिष टाकणारा शेतकरी आपल्या उंदरांना शहाणे करून सोडतो, ते या कारणाने. आधी दोन-तीन दिवस बिनविषारी आमिष खाऊ घालावे लागते, त्याचे मर्मही हेच.

उंदराची दृष्टी अधू, पण नाक व मिशा तीक्ष्ण असतात. मिशा भिंतीस लावून कडेकडेने जाणे त्यास सुरक्षित वाटते. रोज एकाच वाटेने जाण्याची त्याची सवय असते, आणि त्या वाटेवर अंगाचा तेलकट मळ लागून भिंतीवर काळपट पट्टा उमटतो. पिंजरा खोलीच्या मध्यभागी न ठेवता भिंतीस लागून, या पट्ट्याच्या वाटेवर ठेवावा. पहिले दोन दिवस आमिष ठेवून दार बांधून उघडे ठेवावे व तिसऱ्या दिवशी चाप लावावा.

पाऊस आणि उंदरांची पिडा

काही वर्षी उंदीर एकाएकी अगणित होतात. ही दैवी घटना नव्हे. तिचा संबंध पावसाशी आहे. दक्षिण मराठा प्रदेशातील सस्तन प्राण्यांची सूची १८३९ साली प्रसिद्ध करणारे वॉल्टर एलियट यांनी या संबंधाची एक बोलकी हकिकत नमूद केली आहे. मऊ केसांचा शेतउंदीर काळ्या जमिनीच्या भेगांत राहतो. मृगाचा पाऊस जोराने आला म्हणजे भेगा भरतात व पुष्कळ उंदीर आतल्या आत मरतात. परंतु १८२६ साली आरंभीच्या पावसाने ओढ दिली. उंदीर वाचले व बेसुमार वाढले. त्यांनी पेरलेले बी खाल्ले, आणि पीक तयार होत आले तेव्हा ज्वारीच्या ताटांवर चढून कणसे तोडली. शेतेच्या शेते उद्ध्वस्त होऊन शेतसारा देणेही रयतेस अशक्य झाले. शेतकऱ्यांनी वडार लोकांस कामास लावले व ठराविक डझनांस एक माप धान्य या दराने हजारो उंदीर मारविले. तरीही संख्या घटल्याचे दिसून आले नाही.

दोनशे वर्षांपूर्वीच्या या हकिकतीत आजच्या शेतकऱ्यासाठी दोन धडे आहेत. पहिला असा की, ज्या वर्षी जूनचा पाऊस लांबतो त्या वर्षी काळ्या रानातील उंदरांवर नैसर्गिक आळा बसत नाही. तेव्हा पेरणीपूर्वीच बांधांची पाहणी करावी. १९७२ व २०१२ सालचे दुष्काळ सोसलेल्या या जिल्ह्यात पावसाची ओढ ही नवलाची बाब नाही. दुष्काळामागून चांगले वर्ष आले तरी गाफील राहू नये, कारण अन्न वाढताच उंदीर आपल्या शत्रूंपेक्षा कितीतरी लवकर वाढतात. दुसरा धडा असा की, पिडा पूर्ण भरात आल्यावर हजारोंनी मारूनही उपयोग होत नाही. जे काम मे महिन्यात थोड्या श्रमाने होते, ते ऑक्टोबरमध्ये पुष्कळ खर्चानेही होत नाही.

नुकसानीचा हिशेब

उंदीर दररोज आपल्या वजनाच्या सुमारे दहाव्या हिश्श्याइतके अन्न खातो. अडीचशे ग्रॅम वजनाची घूस धरली तर दिवसाला पंचवीस ग्रॅम झाले. उदाहरणादाखल, एक हेक्टर गव्हात अशा वीस घुशी आहेत असे समजू. त्या दररोज अर्धा किलो धान्य खातील. ओंबी निसवल्यापासून कापणीपर्यंतचे ४५ दिवस धरले तर २२½ किलो गहू गेला. चारशे हेक्टर शिवाराच्या गावास हाच हिशेब लावल्यास ९० क्विंटल होतात. यात बिळात नेलेल्या ओंब्या, अर्धवट कुरतडून टाकलेली ताटे व घरी आणल्यावर लेंड्यांनी आणि मुताने खराब झालेले धान्य धरलेलेच नाही. प्रत्येक शेतकऱ्याने आपल्या शेतातील बिळे मोजून हा हिशेब स्वतः करून पाहावा.

उसाच्या बुडख्याशी कुरतडल्याने ताटे लोळतात. भुईमुगाच्या शेंगा जमिनीतूनच जातात. कपाशीच्या उमललेल्या बोंडातील सरकी खाऊन रुई बिळाजवळ पसरलेली दिसते. जालना जिल्हा बियाण्यांच्या उत्पादनासाठी प्रसिद्ध आहे. बीजोत्पादनाच्या प्लॉटमध्ये तर मूठभर बी गेले तरी मोठी रक्कम गेली असे समजावे. याखेरीज बांधातील बिळांतून पाणी फुटून माती वाहून जाते, ती हानी निराळीच.

बंदोबस्त केव्हा व कसा करावा

बंदोबस्ताची योग्य वेळ म्हणजे मे महिना व जूनचा पहिला आठवडा. त्या वेळी शेते मोकळी असतात, बिळे स्पष्ट दिसतात, अन्नाची टंचाई असल्याने आमिष लवकर खाल्ले जाते आणि उंदरांची संख्याही कमी असते. दुसरी पाहणी पीक पोटरीत येण्यापूर्वी करावी.

हे काम एकट्याने करण्याचे नव्हे. एका शेतकऱ्याने आपले दोन हेक्टर साफ केले व शेजाऱ्यांनी काहीच केले नाही, तर मोकळ्या झालेल्या बिळांत शेजारचे उंदीर थोड्याच दिवसांत येऊन राहतात. खर्च एकाचा व्यर्थ जातो आणि ‘औषधात दम नाही’ अशी समजूत गावभर होते. म्हणून ग्राम कार्यकर्त्याने ग्रामसभेत दिवस ठरवून, गायरान, ओढ्याचे काठ, रस्त्याच्या कडा व कालव्याचे भराव यांसह संपूर्ण शिवार एकाच वेळी घ्यावे. कामाचा क्रम पुढीलप्रमाणे ठेवावा.

पहिला दिवस : सायंकाळी शिवारातील सर्व बिळांची तोंडे मातीने बुजवावीत.

दुसरा दिवस : सकाळी जी तोंडे उघडलेली दिसतील ती वसलेली बिळे होत. त्यांजवळ काठी रोवून खूण करावी व संख्या वहीत लिहून ठेवावी. सायंकाळी भरडलेली ज्वारी अथवा गहू ९८ भाग व खाद्य तेल २ भाग यांचे बिनविषारी आमिष त्या बिळांत ठेवावे. तिसऱ्या दिवशीही तसेच करावे.

चौथा दिवस : भरडलेले धान्य ९६ भाग, खाद्य तेल २ भाग व झिंक फॉस्फाइड २ भाग, म्हणजे ९६० ग्रॅम धान्यास २० ग्रॅम तेल व २० ग्रॅम विष, असे आमिष करावे. कागदाच्या पुडीत सुमारे १० ग्रॅम घेऊन एकेक पुडी प्रत्येक वसलेल्या बिळात खोल सारावी व तोंड मातीने बंद करावे.

पाचवा दिवस : बाहेर मेलेले उंदीर फावड्याने गोळा करून खोल खड्ड्यात पुरावेत.

दहावा दिवस : सर्व बिळे पुन्हा बुजवावीत. अकराव्या दिवशी जी उघडतील त्यांत झिंक फॉस्फाइड पुन्हा वापरू नये. वाचलेले उंदीर त्याची चव ओळखतात. तेथे ब्रोमॅडिओलोनचे ०.००५ टक्के आमिष, प्रत्येक बिळास सुमारे १५ ग्रॅम, ठेवावे. या विषाने रक्त गोठण्याची क्रिया बंद पडते व उंदीर काही दिवसांनी मरतो. आजाराचा संबंध आमिषाशी जोडणे त्यास जमत नाही, म्हणून त्याच्या मनात धास्ती बसत नाही.

शेवटी उघडणाऱ्या बिळांची संख्या मोजून पहिल्या संख्येशी ताडून पाहावी. शंभरांपैकी दहा उरली तर काम चांगले झाले. चाळीस उरली तर कोठे चुकले याचा शोध घ्यावा. वहीतील हे दोन आकडे हेच मोहिमेच्या यशाचे खरे मोजमाप होय.

विषाची खबरदारी

झिंक फॉस्फाइड पोटातील आम्लाच्या संयोगाने विषारी वायू निर्माण करते. त्यावर खास उतारा नाही. म्हणून हे विष घरात कदापि वापरू नये. आमिष उघड्यावर, वाऱ्याकडे पाठ करून, हातमोजे घालून व काठीने ढवळावे. त्यात पाणी घालू नये. काम चालू असता खाणे, तंबाखू व विडी वर्ज्य करावी. आमिष करण्याची भांडी निराळी ठेवावीत. उरलेले आमिष पुरून टाकावे. मुले, गुरे, कोंबड्या व कुत्री यांच्या हाती वा तोंडी ते लागू देऊ नये. चुकून कोणाच्या पोटात विष गेल्यास घरगुती उपायांत वेळ न दवडता रोग्यास विषाच्या वेष्टनासह ताबडतोब दवाखान्यात न्यावे. खरेदीपूर्वी कृषी खात्याचा सल्ला घ्यावा व वेष्टनावरील सूचना तंतोतंत पाळाव्यात.

घरातील धान्य

घरात विषापेक्षा बंदोबस्त बरा. बळद व पेव यांत उंदरांना वाव मिळतो; त्यांपेक्षा घट्ट झाकणाची पत्र्याची कोठी चांगली. पोती ठेवावयाची झाल्यास भिंतीपासून हातभर दूर, लाकडी फळ्यांवर ठेवावीत, म्हणजे मागे लपण्यास जागा राहत नाही. माणसाचे बोट जाईल एवढ्या भोकातून उंदराचे पिलू शिरू शकते, आणि चिमुकल्या घरउंदरास तर पेन्सिल जाईल एवढी फट पुरते. अशी भोके काच व सिमेंट भरून बुजवावीत. दाराच्या खालच्या कडेस पत्रा ठोकावा. नवे गोदाम बांधताना जोते सुमारे ९० सें. मी. उंच करावे व पायऱ्या भिंतीपासून सुट्या ठेवाव्यात. घराला लागून पऱ्हाट्यांचे व कडब्याचे ढीग रचू नयेत. उंदरांना घराची वाट तेथूनच मिळते.

शेतकऱ्याचे मित्र

गव्हाणी घुबड, पिंगळा, कापशी घार, धामण, मुंगूस व रानमांजर ही सर्व उंदरांवर जगतात. घुबड अशुभ मानून त्याचे घरटे मोडणारा शेतकरी आपलाच राखणदार घालवितो. धामण बिनविषारी असते व बिळात शिरून उंदीर धरते. तिला मारू नये. पिकात इंग्रजी टी अक्षराच्या आकाराचे थांबे उभे केल्यास रात्री घुबडे व दिवसा कापशी घारी त्यांवर बसून शिकार करतात. पीक पक्व झाल्यावर, धान्य खाणारी पाखरे बसू लागल्यास, थांबे काढून घ्यावेत. या मित्रांकडून पिडा समूळ नाहीशी होईल असे नव्हे. परंतु मोहिमेनंतर उरलेल्या थोड्या उंदरांना थोडेच ठेवण्याचे काम ते विनामूल्य करतात. मेलेले उंदीर पुरणे आवश्यक असते त्याचे हेही एक कारण. विष खाल्लेला उंदीर घुबडाने खाल्ला तर मित्रही जातो.

उंदीर आणि रोग

१८९६ साली मुंबईच्या मांडवी भागात डॉ. अकासिओ व्हिएगस यांनी प्लेगचे रोगी ओळखले, आणि पुढे ती साथ देशभर पसरली. १८९८ साली कराचीत काम करीत असता पॉल-लुई सिमों यांनी दाखवून दिले की, हा रोग उंदरांच्या अंगावरील पिसवांमार्फत पसरतो. उंदीर मरून थंड पडला की पिसवा त्याला सोडतात व दुसरे रक्त शोधतात. ते माणसाचेही असू शकते.

ही केवळ पूर्वजांची गोष्ट राहिलेली नाही. १९९४ च्या ऑगस्टअखेर जालन्यास लागूनच असलेल्या बीड जिल्ह्यातील मामला गावात गाठीच्या प्लेगचे रोगी आढळल्याचे वृत्त आले, आणि पाठोपाठ सप्टेंबरमध्ये सुरत शहरात फुफ्फुसाच्या प्लेगने घबराट उडाली. त्यापूर्वी ३० सप्टेंबर १९९३ रोजी किल्लारीचा भूकंप झाला होता. पडक्या घरांत राहिलेल्या धान्यावर उंदीर वाढले असावेत, असे त्या वेळी अनेकांनी म्हटले. रानातील हरणउंदीर स्वतः फारसा न मरता या रोगाचे जंतू बाळगू शकतो, हेही शास्त्रज्ञांनी नोंदविले आहे. याशिवाय उंदराच्या मुताने दूषित झालेल्या पाण्यातून लेप्टोस्पायरोसिस होतो. २६ जुलै २००५ च्या महापुरानंतर मुंबईत त्याचा अनुभव आला.

म्हणून एक गोष्ट गावातील लहानथोर सर्वांनी ध्यानात ठेवावी. विष न घालता घरात किंवा गोठ्यात उंदीर आपोआप मरून पडू लागले, तर त्यांस हात लावू नये, घर झाडण्यास घेऊ नये व उंदीर मारण्याचीही घाई करू नये. तत्काळ प्राथमिक आरोग्य केंद्रास कळवावे. अशा वेळी प्रथम पिसवांचा नाश करावा लागतो व नंतरच उंदरांचा. क्रम उलटा झाल्यास मेलेल्या उंदरांवरील पिसवा माणसांकडे वळतात.

मुलांचे साहाय्य

गावच्या शाळेतील मुलांना रानाची व प्राण्यांची उपजत आवड असते. विषाच्या कामात त्यांना मुळीच घेऊ नये. परंतु ताज्या मातीचे ढीग ओळखणे, बांधाबांधावरील बिळे मोजून शिवाराचा नकाशा काढणे, घुबडाच्या ढोलीची नोंद ठेवणे, झाडाखाली पडलेल्या घुबडाच्या ओकगोळ्या काठीने फोडून त्यांत उंदरांच्या किती कवट्या निघतात ते गुरुजींच्या देखरेखीखाली पाहणे, ही कामे ती आनंदाने करतात. एका ओकगोळीत उंदराची कवटी निघालेली ज्या मुलाने स्वतः पाहिली, तो पुढे घुबडावर दगड मारणार नाही.

येत्या मे महिन्यात आपल्या गावात पहिली सायंकाळ बिळे बुजविण्याची ठरवावी. त्या कामास पैसा लागत नाही. फावडे व शेजाऱ्याची सोबत एवढेच लागते. दुसऱ्या दिवशी सकाळी उघडलेली तोंडे मोजली म्हणजे आपल्या धान्यात वाटेकरी किती आहेत, हे प्रत्येकास आपल्या डोळ्यांनी दिसेल.